चौथं पथक

रिठद, ४ नोव्हेंबर

दादा,

रविवारी सकाळी मी मायच्या आधी उठलो. पाणी तापवलं, तिला उठवलं, आणि ती तयार होईपर्यंत चीवराची घडी मोडून पुन्हा घालत बसलो. दुकानातून शिवून आणलेलं चीवर तिला नको होतं. काठ आपणच घालणार म्हणून वर्षावासाचे शेवटचे दिवस ती ओट्यावर सुई घेऊन बसली होती. सुईत दोरा ओवून द्यायला रंजीतावहिनी शेजारी बसायच्या. रंजीता म्हणजे तुझी बायको. ओळख राहावी म्हणून लिहितो.

रिठदहून जीपनं वाशीम, तिथून आसेगावची एसटी. गाडीत निम्मी माणसं पांढऱ्या कपड्यांत, तुझ्याच विहारात निघालेली. चीवर पिशवीत ठेवू का म्हणून विचारलं तर मायनं मांडीवरून हलू दिलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते वर बसून पाहिलंस. खालून कसं दिसलं ते सांगतो.

रांगेत आमची पाळी आली. मायनं तीनदा वाकून तुला वंदन केलं. जिनं जन्म दिला तिनं वाकायचं आणि तू वाकायचं नाही, हा नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तिनं चीवर पुढे केलं. तू चीवराकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालास, "हे दान शस्त्रांच्या कमाईचं आहे. संघाला ते स्वीकारता येणार नाही." आवाज चढवला नाहीस. माइक मात्र चालू होता.

सगळ्यांनी ऐकलं, एक माय सोडून. तिला आता कमी ऐकू येतं. तिनं काठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि तुला विचारलं, "भंते, काठ वाकडा आला काय?"

तू पुढच्या माणसाकडे वळलास.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "सुई दिसत नाही मले आता. तुनं आधीच सांगाले पाह्यजे होतं." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. काठ सरळ होता, दादा.

तुला एक गोष्ट विचारायची आहे. वर्षावासानंतरचं हे कठीण चीवर संघाला दिलं जातं, एका भिक्खूला नाही. त्या दिवशी तुम्ही पाच जण बसला होतात. बाकी चौघांना तू विचारलंस का? जे परत केलंस ते तुझं नव्हतंच. उपासकानं कोणते व्यापार करू नयेत आणि त्यांत शस्त्रांचा व्यापार येतो, हे मलाही पाठ आहे. मी ते विहारात तुझ्याच शेजारी मांडी घालून शिकलो. पण मी शस्त्र विकत नाही. ते घ्यायचं झालं तर खरं केवढ्याला पडेल, तेवढं सांगतो. ते सांगणारा कोणी नसेल तर शस्त्रं कमी घेतली जातील असं तुला वाटतं का?

पाकिटावर तुझं नवं नाव लिहितो, नाहीतर पोस्टमन पत्र देणार नाही. आत मात्र दादाच लिहीन, आणि तूच म्हणेन.

सुमेध


दिल्ली, २३ नोव्हेंबर

दादा,

माझं काम काय आहे हे तू कधी विचारलं नाहीस, एकदम निकाल दिलास. म्हणून आज तेच लिहितो. पेपरात येऊन गेलंय त्यापेक्षा थोडं जास्त लिहिणार आहे. ते नियमात बसत नाही. वाचून झालं की जाळ.

हवाई दलाला नवीन लढाऊ विमान घ्यायचं आहे. कोणतं घ्यायचं ते ठरवायला एक समिती आहे. तिच्यात उडवणारे आहेत, दुरुस्ती बघणारे आहेत, करारमदार बघणारे आहेत. खर्चाचा तक्ता माझ्याकडे. त्यावर माझी सही झाल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. एवढ्या मोठ्या कामात रिठदच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला माणूस बसलेला आहे याचा मला पहिल्या वर्षी अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

विमानं पुष्कळ होती, चाळणी होऊन दोन उरली. त्यांची नावं लिहिता येत नाहीत. आपल्याकडे बैलजोडी होती तिची नावं देतो, म्हणजे तुला चेहरा लावायला सोपं जाईल. एक तांबडा आणि एक बांडा. दोघांना राजस्थानच्या उन्हात उडवलं, डोंगरातल्या थंडीत उडवलं. दोघंही पास झाले. आता निवड राहिली ती खर्चावर.

बाबा बैल घ्यायला जायचे तेव्हा दात, खूर, वशिंड सगळं पाहून झालं की शेवटी विचारायचे, "खाते किती?" विकणारे हसायचे. माझं काम तेवढंच आहे. विमान घेताना जो पैसा जातो तो सगळ्यांना दिसतो. पुढची पस्तीस वर्षं ते उडवताना जो जातो तो मी काढतो. इंधन, सुटे भाग, इंजिन किती तासांनी खोलून पुन्हा बांधायचं, ते सगळं.

तांबडा घ्यायला स्वस्त आहे, पण उडवायला महाग. त्याचं इंजिन लवकर लवकर खोलावं लागतं. बांडा घ्यायला महाग, पण एकदा घेतला की कमी खातो. म्हणून सगळं एका आकड्यावर येऊन थांबतं. एक वैमानिक वर्षाला किती तास उडणार?

हवाई दलानं सुरुवातीला मला लिहून दिलेला आकडा दोनशेचा आहे. नव्या यंत्रावर हात बसायला आणि बसलेला हात टिकायला एवढा सराव लागतो, असं त्यांच्याच लोकांचं म्हणणं आहे. दोनशे तास धरले तर पस्तीस वर्षांच्या हिशेबात बांडा स्वस्त पडतो.

मागच्या आठवड्यात मला तोंडी सांगण्यात आलं की एकशे चाळीस धरून पाहा. पाहिलं. तांबडा स्वस्त पडतो.

आता तू म्हणशील, यात धम्म कुठे आला. तेच मी तुला विचारतोय.

मायचा खोकला बरा आहे. तुला विचारायचं सुचलं नसेल म्हणून सांगतो.

सुमेध


दिल्ली, १४ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "आयुष्मान सुमेध, मंगल होवो. पत्रं पोचली. जे सोडलं त्याकडे वळून पाहणं योग्य नाही. प्रसेनजित सध्या कुठे असतो?"

पहिल्या तीन ओळी भिक्खूच्या आहेत. चौथी कोणाची?

तू गेलास तेव्हा प्रसेन पहिलीत होता. त्या वर्षी शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता तिथं त्यानं "भंते" लिहिलं. गुरुजींनी खोडून "शेती" लिहिलं, तर हा घरी येऊन मायला म्हणाला, "गुरुजीले काई मालूम नाही." आम्ही हसलो होतो. वहिनी हसल्या नव्हत्या. त्यांनी पुढच्या महिन्यात अंगणवाडीत काम धरलं. पाचवीनंतर मी पोराला माझ्याकडे नेलं, मग सैनिकी शाळा, मग अकादमी. त्याच्या खांद्यावर पहिली पट्टी लावायला आई-वडिलांना बोलावतात. एका बाजूला वहिनी होत्या, दुसऱ्या बाजूला मी होतो. फोटो घरी भिंतीवर आहे. तू घरी येत नाहीस म्हणून सांगतो.

आता तो पश्चिमेच्या एका तळावर आहे. गाव लिहीत नाही. उडवतो ते विमान त्याच्या वयापेक्षा जुनं आहे. तो बरा आहे.

रविवारी फोन करतो. परवा म्हणाला, "काका, तुमची फाईल आमच्या विमानाहून हळू चालून राह्यली."

मी म्हटलं, "फाईल पडत नाही, हळू चालली तरी."

"कोनचंबी येऊ द्या ना. तांबडं येवो का हिरवं येवो. फक्त माहे गुडघे धरायच्या आत येऊ द्या."

तांबडं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला धस्स झालं. तो रंगाबद्दल बोलत होता.

आता जे लिहितो ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नवीन विमानं पथकांना क्रमानं द्यायची आहेत. ज्यांची विमानं सगळ्यात जुनी ती पथकं आधी. मंजूर झालेल्या रकमेत तांबडा घेतला तर पाच पथकं भरतात. बांडा घेतला तर तीनच.

प्रसेनचं पथक यादीत चौथं आहे.

यादी पाहिली त्याच दिवशी मी संचालकांना जाऊन सांगितलं की माझा पुतण्या त्यातल्या एका पथकात आहे, मला यातून मोकळं करा. ते म्हणाले, "या देशात प्रत्येकाचा कोणीतरी पुतण्या कुठंतरी आहे. नातं लिहून द्या आणि कामाला लागा." मी लिहून दिलं. त्यांनी ते कागदाला लावून ठेवलं.

तू विचारलंस ना, तो कुठे असतो. तो चौथ्या पथकात असतो.

सुमेध


दिल्ली, ९ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात "तो बरा आहे" असं लिहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं. दिवाळीनंतर एकदा उडताना त्याच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं. पुन्हा सुरू करायचा प्रयत्न पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा लागलं. विमान त्यानं धावपट्टीवर आणलं. मला डिसेंबरात सांगितलं, तेही असं सांगितलं की जणू एसटी पंक्चर झाली होती. "शिडीवरून उतराले जरा टाइम लागला काका, पाय ऐकून नोते राह्यले." आणि हसला. वहिनींना सांगितलेलं नाही. मायला तर नाहीच. तुला सांगतो, कारण तुला आधी सांगितलं नाही ही गोष्ट मला रोज सकाळी टोचते.

रोज सकाळी मी पंचशील म्हणतो, तुला ठाऊक आहे. लहानपणापासून चुकलेलं नाही. हल्ली चौथं शील घाईत म्हणून टाकतो. खोटं बोलणार नाही, असं म्हणायचं आणि मग ऑफिसात जाऊन त्याच प्रश्नापुढे बसायचं. पोरगं आमच्या घरचं आहे म्हणून मनात येतं की एकशे चाळीस लिहून टाकावं. आकडा तर आहे. कोण मोजायला बसलंय पस्तीस वर्षं.

समितीत प्रेमसिंग म्हणून एक ग्रुप कॅप्टन आहे. मंगरूळपीरकडच्या तांड्यातला बंजारा माणूस. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलतो, बाहेर चहाला आला की वऱ्हाडी. तू त्याला वाईट समजू नकोस. मीही समजत नाही. तिथंच अडचण आहे.

काल त्यानं मला व्हरांड्यात गाठलं. "सुमेधभाऊ, तक्ता काहून अडवून ठेवला बे?"

मी म्हटलं, "दोनशे तुमच्याच लोकांनी दिले होते. आता एकशे चाळीस म्हणता. पोरं कमी उडणार आहेत का?"

"उडतीन ना दोनशेच. विमान एकदा दारात उभं राह्यलं का तेलपानी कोन नाई म्हनते? मांगून घेऊ."

"आणि नाही मिळालं तर? सुटे भाग तक्त्याच्या हिशेबानं येणार. एकशे चाळीसाचे आले तर उरलेले साठ तास विमान शेडमध्ये उभं राहणार आणि पोरगं बाकड्यावर बसणार. मग एक दिवस त्याला वर पाठवणार. हात बसलेला नसताना."

तो चहाचा कप कठड्यावर ठेवून म्हणाला, "तीन जोडीदारायले खांदा देल्ला मी. तिघंबी जुन्या विमानात गेले. सरावानं कमी नोते ते, माह्यापक्षा चांगले होते. तुह्या तक्त्यात त्यायचा रकाना कुठं हाये?"

तसा रकाना तक्त्यात नव्हता. आजही नाही.

"तीन पथकाचं विमान आनलं," तो म्हणाला, "त बाकी पोट्टे अजून धा वर्स तेच भंगार उडवतीन. त्यातला एक तुहा हाये. मले सांगू नोको, मी यादी पाह्यली. देवमानूस व्हाले दुसऱ्याचं पोट्टं निवडाचं असते भाऊ, घरचं नाही."

हे शेवटचं बोलून त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. माझ्या चहाचे पैसे देऊन निघून गेला.

आता तू सांग. तू तर सगळं सोडून बसला आहेस, तुला स्पष्ट दिसत असेल. खोटा आकडा लिहून आपलं पोर जुन्या विमानातून उतरवायचं, आणि पाच पथकांतल्या पोरांना कच्च्या हातानं नव्यात बसवायचं. की खरा आकडा लिहून त्याला जुन्यातच ठेवायचं. तू चीवर परत केलंस तेव्हा हेच ओझं परत केलंस, फक्त ते काय होतं हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

उत्तर दे. कार्ड नको, पत्र लिही.

सुमेध


रिठद, २ फेब्रुवारी

दादा,

पत्र आलं. दोन पानं. एवढं लांब तू मला कधी लिहिलं नव्हतंस. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा माझा विश्वास बसला नाही.

पहिल्या पानावर अनित्यता आहे. सगळं नाशवंत आहे, आसक्ती हे दुःखाचं मूळ आहे, सगळं बरोबर. मग दुसऱ्या पानावर अक्षर बदलतं. बारीक होतं. "तुझ्या हातात असेल तर त्याचं पथक यादीत राहावं एवढं पाहा. कोणतं विमान घ्यावं हे मला कळत नाही. पण जुन्यातून तो उतरावा. आकडा एक आहे की दुसरा, याने कोणाचं काय बिघडतं? मी हे लिहायला नको होतं. पण लिहिलं."

मायच्या हातचं कापड तुला चाललं नाही, कारण ते शस्त्रांच्या कमाईचं होतं. आणि तुला हवं काय, तर शस्त्र. नवं, चांगलं, आपल्या मुलासाठी. खोट्या आकड्यानं आलं तरी चालेल.

मी चार दिवसांची सुट्टी घेऊन घरी आलो. मायला पाहायचं होतं म्हणून आलो असं सांगितलं. खरं म्हणजे तुझं पत्र वहिनींना दाखवायचं होतं. इंजिनाची गोष्ट आधी सांगावी लागली. त्या तूर झोडपून घेत होत्या. हात थांबला नाही. मी सांगत गेलो, त्या काठी मारत गेल्या. शेवटी डोक्यावरचा पदर सोडून तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मले मालूम होतं. त्या दिवसापासून तो फोनवर जास्त हासून राह्यला."

मग तुझं पत्र दिलं. दुसरं पान वाचून त्या खरोखर हसल्या.

"त्यायनं मांगतलं? पोरासाठी?" म्हणाल्या. "तापानं फनफनलं होतं पोरगं, मी एकली रिसोडले घेऊन गेलती जीपमंदी रातच्याला. तवा मांगाचं होतं कोनाले तरी. आता बरं सुचलं."

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही सांगा. मी काय करू?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "तुमी मले इचारू नोका भाऊजी. मी माय हाओ. मी तुमाले खोटं बोलाले लावीन."

दादा, तुझ्यात आणि त्यांच्यात एवढा फरक आहे. त्यांना जे हवं आहे तेच तुलाही हवं आहे. पण त्यांना ठाऊक आहे की ते मागणं खोटं मागणं आहे, म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवलं. तू त्याला धम्माचं एक पान जोडून पाठवलंस.

मला तुझा राग आला हे खोटं नाही. पण रात्री ओट्यावर बसून विचार करताना दुसरंच लक्षात आलं. तुझ्या पत्रातली ती ओळ, "याने कोणाचं काय बिघडतं", ती तुझी नव्हती. दोन महिने मी रोज सकाळी तेच मनात म्हणत होतो. तू फक्त ते कागदावर लिहिलंस. कागदावर पाहिल्यावर कळलं की ते कसं दिसतं. बाकीच्या चार पथकांतली पोरं त्या वाक्यात कुठंच नाहीत. त्यांच्या माया पण कुठंतरी काहीतरी झोडपत असतील, आणि त्यांना कोणी विचारायला जाणार नाही.

माय तुझ्याबद्दल विचारत होती. भंते खुशाल हायेत का, म्हणाली. खुशाल आहेत, म्हटलं.

सुमेध


दिल्ली, २१ फेब्रुवारी

दादा,

हे शेवटचं पत्र आहे असं नाही, पण बराच काळ लिहिणार नाही. तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. नुसतं कळवतो.

बुधवारी संचालकांनी मला बोलावलं. टेबलावर दोन तक्ते होते. दोन्ही माझ्याच हातचे, कारण एकशे चाळीसचा हिशेबही मीच करून दिला होता. तो फक्त तुलना म्हणून केला होता, पण केला मीच. बेरजा दोन्हींत बरोबर होत्या. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. खोटं असूनही त्यात एक चूक सापडत नव्हती.

संचालक चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मी तुमच्यावर दडपण आणत नाही. पण बारा वर्षं झाली, हवाई दल वाट पाहतंय. तीन पथकांचा प्रस्ताव वर गेला तर कोणीतरी विचारील की एवढ्या पैशात तीनच का, आणि फाईल परत येईल. पाचाचा गेला तर जाईल. तुमची मर्जी."

मी म्हटलं, "दोनशे तासांचा आकडा हवाई दलानं लेखी दिलेला आहे. एकशे चाळीसचा लेखी द्यायला सांगा. त्याखाली त्यांच्यापैकी कोणीतरी सही करू दे की एवढा सराव पुरेसा आहे. मग मी माझ्या तक्त्यावर करतो."

प्रेमसिंग तिथंच बसला होता. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं. एक ओळ लिहून द्यायची होती. तो बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसला. मग म्हणाला, "सर, मैं यह नहीं लिख सकता." आणि उठून बाहेर गेला.

मी मागोमाग गेलो. वाटलं होतं, भांडेल. तो जिन्यात उभा होता. म्हणाला, "जा आता. कर सही. पोट्ट्याले काय सांगशीन ते तुहं तू पाह्य." माझा हात धरला, सोडला. "आमाले तास कमी चालते हे मी कसा लिहून देऊ? मेलेल्यायले तोंड दाखवाचं हाये मले."

त्यालाही त्याचं शील होतं, दादा. मी ते ओळखायला उशीर केला.

घरी येऊन जेवलो नाही. कोणाला फोन केला नाही. प्रसेनचा फोन आला, तोही घेतला नाही. त्याच्याशी बोललो असतो तर त्यानं काहीतरी विनोद केला असता आणि मी दुसरा तक्ता निवडला असता. त्याला हे मी सांगणार आहे की नाही, अजून माहीत नाही. यादी लागेल तेव्हा तो पाहील. काकानं हिशेब केला हे त्याला कळेल. तो मला काही म्हणणार नाही. मोठं झालेलं पोर आहे ते. काही न म्हणता पुढच्या रविवारी फोन करील, किंवा करणार नाही.

तुला वाटेल की मी धम्मासाठी हे केलं. तसं लोकांना सांगू नकोस. सकाळी वंदना करताना मला शांत वाटलं नाही. आजही वाटत नाही. माझ्या खऱ्या आकड्यानं तो जुन्यातच राहिला आणि एखाद्या दिवशी ते इंजिन हवेत पुन्हा लागलं नाही, तर बुद्धाच्या मूर्तीपुढे कोणत्या तोंडानं बसायचं हे मी ठरवलेलं नाही. वर बसलेले माझा तक्ता मान्य करतील, की दुसऱ्या कोणाकडून दुसरा करून घेतील, तेही मला ठाऊक नाही. घेतलाच तर त्यावर माझी सही नसेल, एवढंच.

आणि तू. तुझी मागणी मी मोडली. तुला ती करायचा हक्क नव्हता, पण तू बाप आहेस हे मला त्या दोन पानांनी पहिल्यांदा पटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यासाठी तुझ्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. उलट वाढला. तुझ्यात बाप जिवंत होता तर इतकी वर्षं तू त्याला कुठं ठेवलं होतंस?

गुरुवारी सकाळी मी वेळेआधी ऑफिसात गेलो. दोनशे तासांचा तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासला. शेवटच्या पानावर पथकांची रांग आहे. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि तिथं जाड रेघ. चौथ्यापुढे "सध्याचीच विमाने" असं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. तुझ्या मुलाचं नाव त्या पानावर कुठंही नाही. तरी मी ते तिथं वाचलं, आणि खाली सही केली.

सुमेध